पिवळी खूण

थोरला भाऊ गेल्यानंतर धाकट्या मिस्त्रीने आज पहिल्यांदा गॅरेज उघडलं. घरी बसून तरी काय करणार होता? जीपच्या मागच्या एक्सलचे गिअर बदलून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा नवा डिफरन्शियल लॉक बसवायचा होता. त्याने लॉकवर मोठा दातेरी गिअर चढवला आणि बोल्ट पान्याने आवळत गेला. हात आपसूक चालत होते, डोक्यात काहीच नव्हतं.

शेवटी बघतो तर एकाही बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ नव्हती. धाकट्याने आवळायचं आणि थोरल्याने लगेच खूण करायची, ही दोघांची रीत. खूण नाही तो बोल्ट सैल, यावर थोरला कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. कुठला आवळला, कुठला राहिला, काही केल्या आठवेना. त्याने सगळे सोडले, पुसले, ते सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना पुन्हा गोंद लावला आणि पहिला आवळला.

तेवढ्यात जीपवाला दारात आला. "झालं का, मिस्त्री?"

"पहिला बोल्ट आवळून झालाय. खूण व्हायचीय."

रंगाची डबी त्याच्या हाताशीच होती. पण थोरल्याला जागा व्हावी म्हणून तो पाना घेऊन जरासा बाजूला सरकला आणि तसाच उभा राहिला.