मान ताठणे, स्वल्पविराम

आमच्या छापखान्यात प्रुफं दोघांनी मिळून तपासायची पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोर प्रूफ ठेवून अक्षराअक्षरावरून पेन्सिल चालवायची. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, ठळक, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणतो. चूक सापडली की ऐकणारा "हं" म्हणतो, खूण करतो आणि "पुढे" म्हणतो. एकवीस वर्षं मी हं आणि पुढे म्हणत बसलो. वाचायचा तो. सगळा छापखाना त्याला रेडिओ म्हणायचा, कारण नऊला सुरू झाला की जेवणाच्या सुट्टीशिवाय बंद व्हायचा नाही.

मला तो पंडित म्हणायचा. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी नीट ठरवता आलं नाही.

त्याचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. हवा गार झाली की कापसाचा बोळा कोंबून यायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागे. "कान याला लागतो," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "मला नुसतं तोंड लागतं." वहिनी म्हणायची, "ते मात्र देवाने भरपूर दिलंय."

त्या वर्षी एक जाडजूड घरगुती आरोग्यकोश छपाईला आला. कामाचा नियम मी पहिल्या दिवशी शिकलो होतो, आमच्या तेव्हाच्या मुख्य तपासनिसाकडून: अर्थाच्या नादी लागू नका, अर्थ कळायला लागला की चुका दिसेनाशा होतात. पण आरोग्यकोशाने माझा नियम मोडला. 'म' सुरू झाला आणि सोमवारी मला मधुमेह झाला, मंगळवारी मूतखडा. मी भीत भीत रेडिओला विचारलं, "कंबरेत डाव्या बाजूला दुखतं, ते काय असेल रे?" त्याने जुळारी, बाइंडर, चहावाला सगळ्यांना ऐकवलं, "पंडितांना आज मूतखडा झालाय. पुढच्या आठवड्यात 'य' येतोय, यकृत गेलंच म्हणून समजा!" दोन दिवस जो तो माझी कंबर विचारत होता. तेव्हापासून मी तोंड शिवून बसलो.

गुरुवारी रेडिओ आला तोच अंगात ताप घेऊन. कान रविवारपासून ठणकत होता. बसल्या बसल्या म्हणाला, "ती ट्यूब बंद कर. डोळ्यांत सुया टोचतायत." मी बंद केली. एरवी तो प्रत टेबलावर ठेवून, मान खाली घालून वाचायचा. त्या दिवशी कागद तोंडासमोर उभा धरला. मला त्याचा चेहरा दिसेना.

"खाली धर की, आवाज अडतोय."

"मान वाकत नाही रे. उशी वाकडी झाली असेल."

साडेदहाच्या सुमारास ते पान लागलं. रेडिओ वाचू लागला, "मेनिंजायटिस, ठळक. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवतीच्या आवरणांना येणारी सूज, पूर्णविराम. कारणे, ठळक. जिवाणू, स्वल्पविराम, विषाणू, स्वल्पविराम, क्वचित बुरशी, पूर्णविराम. कानातील जुना, स्वल्पविराम, दुर्लक्षित संसर्ग हाडातून आत पसरल्यानेही हा आजार होतो, पूर्णविराम. लक्षणे, ठळक. ताप, स्वल्पविराम, तीव्र डोकेदुखी, स्वल्पविराम, उजेड सहन न होणे, स्वल्पविराम, मान ताठणे, स्वल्पविराम..."

इथे तो थांबला. कागद जरा खाली आला आणि त्याचे डोळे दिसले. लाल होते. तो माझ्याकडे बघत होता.

माझी पेन्सिल त्याच शब्दावर होती. मला कळलं होतं. मला कळलं होतं की नाही, यावर मी नंतर कितीतरी वेळा स्वतःशी वाद घातला आहे, पण इथे तरी लिहितो की कळलं होतं. आणि त्याच क्षणी आठवला मूतखडा. पंडित आता दुसऱ्यांनाही रोग वाटायला लागले, असं तो खदखदून सांगत सुटेल. मी काय डॉक्टर? कान सगळ्यांचे दुखतात.

"पुढे," मी म्हणालो.

कागद वर गेला. "उलट्या, स्वल्पविराम, गुंगी, स्वल्पविराम, वागण्याबोलण्यात गोंधळ, पूर्णविराम. रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे, पूर्णविराम."

त्या पानावर आम्हाला दोन चुका सापडल्या.

चहानंतर तो मोरीत ओकला. फोरमनला पाचपर्यंत सोळा पानांचा तो फॉर्म हवा होता. मी म्हणालो, "एवढं उरकू, मग जा घरी." तो बसला. तीनच्या पुढे एकच ओळ दोनदा वाचू लागला. मग शब्द गळाले आणि नुसतं "स्वल्पविराम, स्वल्पविराम, स्वल्पविराम" सुरू झालं. मला वाटलं गंमत करतोय. मी हसलो. तो खुर्चीवरून घसरला तेव्हा मी हसतच होतो.

रुग्णालयात त्याच्या पाठीतून काढलेलं पाणी गढूळ निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून?" वहिनी म्हणाली, "कान दुखत होता, पण सकाळी चालत गेले कामाला." बाई माझ्याकडे वळल्या. "कामावर काही जाणवलं?"

"थोडा ताप होता," मी म्हणालो. "आणखी चार तास आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

तो वाचला. त्याने पुढे सांगितलं की आधी सगळं पांढरंफटक होतं, कवटीत आतून कुणीतरी खिळे ठोकत होतं, आणि कुणीतरी सारखं नाव विचारत होतं. तो सांगायचा, पण भलत्याच माणसाचं. मग एके दिवशी वॉर्डात औषधांची गाडी आली आणि तिची चाकं वाजेनात. "मला वाटलं मेलो," तो म्हणाला. "माझ्यासमोर एवढे लोक गप्प बसलेत म्हणजे मेलोच असणार!"

दोन्ही कान गेले. तोलही गेला, भिंत धरून चालायचा. आवाज मात्र शाबूत होता, पण आता त्याला तो आवरता यायचा नाही. कधी किंचाळायचा, कधी पुटपुटायचा. त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस आला. मी दर रविवारी त्याच्या घरी जायचो. तो बोलायचा, मी वहीत लिहून उत्तर द्यायचो.

आरोग्यकोश छापून झाला तेव्हा फोरमनने त्याच्या वाटणीची प्रत माझ्याच हातात दिली. वाटेत कुठेतरी विसरता आली असती. मला तेही सुचलं नाही, रविवारी घरी नेऊन दिली.

पुढच्या रविवारी गेलो तर वहिनीने पुस्तक मेनिंजायटिसच्या पानावर उघडूनच ठेवलं होतं. रेडिओ खिडकीपाशी बसला होता.

"भावजी, हे तुम्ही दोघांनी वाचलंत?"

"हो."

"कधी?"

मी चपला भिंतीशी नीट लावू लागलो.

"त्याच दिवशी ना?"

"वहिनी, आमच्या कामात अर्थाकडे लक्ष द्यायचं नसतं. अक्षरं तेवढी..."

"तुमचे कान तर धडधाकट होते! आणि डोळे? समोर बसलेला माणूस तापाने फणफणलाय, ओकतोय, आणि तुम्ही अक्षरं बघताय?"

रेडिओने पान ओळखलं. तो त्या छोट्या खोलीत न मावणाऱ्या आवाजात म्हणाला, "त्याला कशाला बोलतेस? मी थांबलो होतो तिथे. मला शंका आली होती. पण याची एवढी टर उडवलेली, मग आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं? म्हटलं, पंडित शहाणा आहे, काही असेल तर बोलेल. तो पुढे म्हणाला. मला वाटलं, मग नसेल."

तो माझ्याकडे बघून हसला, समजूत काढल्यासारखा.

मी वही ओढली आणि लिहिलं, 'मला कळलं नव्हतं.' अक्षर चांगलं आलं.

त्याने वाचलं. "बघ," तो वहिनीला म्हणाला, "तेच सांगतोय मी."

वहिनीनेही वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, यापुढे आमच्याकडे येऊ नका."

"काय म्हणतेय?" रेडिओने विचारलं.

मी लिहिलं, 'चहा ठेवते म्हणतात.'

"मग ठेव की! उभी काय राहिलीस?"

तिने पुस्तक मिटलं. मग आत गेली. आतून भांडी आदळल्याचे आवाज येऊ लागले. रेडिओ खुशीत होता. त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"पुढच्या रविवारी जरा लवकर ये," तो म्हणाला. "दिवस जात नाही रे."

मी हो म्हणालो. मग त्याला ऐकू येत नाही हे लक्षात आलं, म्हणून ते वहीत लिहून दिलं.