डावा कोपरा

"अन् डाव्या कोपऱ्यात कारभारी," शेषराव म्हणाले आणि ओट्यावर नेहमीचा हशा उठला.

"कारभारी?" भगवंतरावांनी बिडी ओट्यावर घासून विझवली. "दादा, या मानसानं अख्ख्या जिंदगीत एक गडी धरला. तोबी पाय घसरून याच्या अंगावर पडला म्हनून."

"पडला, पन म्या सोडला काय?" कारभारीनं शिलाई मशीन न थांबवता आतूनच विचारलं.

"सोडशीन कसा बे? खाली तूच दबला होता!"

वडनेर भोलजीच्या मोटारथांब्यासमोर कारभारी शिंप्याचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा त्याचा ओटा मोठा होता. संध्याकाळी तिथं गावाच्या कबड्डीचे जुने गडी जमत आणि सात लावत. सात लावायचे म्हणजे गावाच्या संघात आजवर जेवढे खेळून गेले, त्यांच्यातले सगळ्यात तगडे सात निवडायचे आणि प्रत्येकाला त्याच्या ऐन भरातल्या सालात उभं करायचं. हिंमतराव घ्यायचे ते एक्कावन्न सालचे. आत्ताच्या हिंमतरावांना स्वतःच्या धोतराची गाठ पोटाआडून दिसत नव्हती. सुकदेव घ्यायचा तो साप चावायच्या आदल्या वर्षाचा. भगवंतराव घ्यायचे ते छप्पन्नचे, कारण सत्तावन्नला त्यांचं लग्न झालं आणि दम गेला, असं सगळ्यांचं मत होतं. फक्त भगवंतरावांच्या घरी ते मान्य नव्हतं. असे सात उभे राहिले की जगात कोणाची बिशाद नव्हती. समोर कोण खेळणार, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही.

सात लावायचा मान शेषरावांचा. ते संघाचे जुने कप्तान आणि नांदुऱ्याच्या धान्यबाजारात मापारी. मापाऱ्यानं पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतं, 'लाभ' म्हणायचं असतं. ती सवय जिभेला अशी बसली होती की गडी मोजतानाही ते "लाभ, हिंमतराव" असंच सुरू करत. स्वतःचं नाव त्यांनी सातांत कधी घेतलं नाही. "मापाऱ्यानं तागडीत बोट घालू नाही," म्हणत. अर्थात, आपलं नाव दुसऱ्या कोणीतरी सुचवावं म्हणून मध्ये जरासे थांबतही असत. पण ओटाही काही कमी नव्हता.

नियम त्यांनीच घातले होते. गड्याचं नाव घेतलं की साल सांगायचं, आणि कोणी "काऊन?", म्हणजे का, असं विचारलं तर त्या सालातला खेळ वर्णन करून सांगायचा. दुसरा नियम असा, की ज्याचा खेळ संपला त्यालाच घ्यायचं. अजून खेळणाऱ्याला नाही.

"त्याचं भराचं वरीस अजून याचं असंन तर?" शेषराव म्हणत. "आपून त्याले अधुऱ्या सालात उभं केलं, तं त्याच्यावर अन्याव झाला ना."

या दुसऱ्या नियमामुळे कारभारी डाव्या कोपऱ्यात होता. खरा डावा कोपरा कोणाचा, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो शेषरावांच्या एकुलत्या एका मुलाचा, इंद्रभानचा. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा त्याच्या हातात गेला की तो घोटा त्या गड्याचा राहत नसे. एकसष्टच्या दिवाळीनंतर इंद्रभान फौजेत गेला. बासष्टला पूर्वेच्या डोंगरांत लढाई झाली आणि तार आली: बेपत्ता. त्यानंतर दुसरी तार आली नाही. शेषरावांच्या नियमाप्रमाणे त्याचा खेळ संपला नव्हता.

म्हणून सहा वर्षं कारभारीची थट्टा चालली होती. थट्टेचा दंगा मोठा असला की त्यामागचं नाव कोणाला ऐकू येत नाही. थट्टा करायला सगळा ओटा होता, सोसायला एकटा कारभारी. त्यानं कुरकुर केलेली कोणी ऐकली नाही.

त्या संध्याकाळी हशा अर्ध्यातच तुटला. चिखलीकडून आलेली एस.टी. थांबली आणि तिच्यातून अमडापूरचे अर्जुनराव उतरले, शेषरावांचे व्याही, इंद्रभानच्या बायकोचे वडील. वर्षभरातली त्यांची ही तिसरी खेप. कशासाठी येतात, तेही ओट्याला माहीत होतं.

"राम राम, इवाई," शेषराव उठले. "चला घरी."

भगवंतरावांनी विझवलेली बिडी पुन्हा पेटवली. कारभारीची मशीन उगाचच जोरात चालू झाली.

जेवण होईपर्यंत अर्जुनराव पीकपाण्याचं बोलले. हात धुतल्यावर मुद्द्यावर आले.

"इवाई, उदयनगरकडला मानूस हाये. बायको बाळंतपनात गेली, एक पोरगी हाये तीन वर्षांची. मळा हाये, मानूस निर्व्यसनी हाये. पाट लावाले तयार हाये." ते थांबले. "कोकिळा सोळाची असतानी तुमच्या घरी आली. आता चोविसाची झाली. मी काही जबरदस्ती करून नाही राह्यलो. पन आपल्यात रीत हाये. सासऱ्यानं तोंडानं सांगतल्याबिगर पोरीले नेता येत नाही. तुम्ही एकदा म्हना."

"काय म्हनू?"

अर्जुनरावांनाही तो शब्द उच्चारवला नाही. "का... तो आता येत नाही म्हनून."

"तार काय म्हन्ते?" शेषरावांचा आवाज बाजारातल्यासारखा चढला. "सापडला नाही म्हन्ते. सापडला नाही म्हंजे हाये कुठीतरी."

अर्जुनरावांनी मान खाली घातली. वाद घालायला ते आले नव्हते. शिवाय त्रेसष्टचा उन्हाळा त्यांनीही पाहिला होता. चीननं धरून नेलेले शिपाई सोडले, अशी बातमी आली तेव्हा शेषराव बाजार आटोपला की नांदुरा स्टेशनावर जाऊन उभे राहत. कलकत्त्याकडून येणारी गाडी लागली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जात. पावसाळा लागेपर्यंत ते गेले. दुसऱ्यांची मुलं उतरली. त्यांचं सामान शेषरावांनी उतरवून दिलं, चहा पाजला, इंद्रभानचं विचारलं. अजूनही बाजाराच्या दिवशी ते स्टेशनावर चक्कर टाकत. घरी त्यांची बायको रुखमाबाई आधी रोज विचारत, "काय झालं?" मग त्यांनी विचारणं सोडलं. त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत.

अंगणात कोकिळा भांडी घासत होती. शेषराव पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणाशी गेले आणि पाणी न पिताच उभे राहिले.

"कोकिळा, तुह्या बापाचं ऐकलं तू?"

"ऐकलं."

"तुले काय वाट्टे?"

तिनं राखेचा हात थांबवला. "मामाजी, कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसते ना?"

"हाव."

"त्याले माहीत रायते का आपून बाद झालो. तो बसते, घाम पुसते, पानी पेते. आपल्या गड्यानं त्यांचा मारला का पुन्हा आत जाते." तिनं ताट विसळलं आणि भिंतीला उभं केलं. "मले सहा सालं झाली. मी आत हावो का बाहेर, हेच कोनी सांगत नाही."

ती रडली नाही. तिनं दुसरं ताट घेतलं.

"तुमच्यावर राग नाही माहा. तुम्ही म्हनान तसं. ठेवान तं राहीन. पन इचारलं म्हनून सांगतलं."

आतून रुखमाबाईंचा आवाज आला. त्या चुलीपुढे बसून होत्या, चूल कधीच विझली होती. "माह्याच्यानं होत नाही. मी माय हावो. तुमच्यानं तरी होऊ द्या."

शेषरावांनी रांजणावर झाकण ठेवलं आणि खाटेवर जाऊन पडले.

सकाळी अर्जुनराव परत निघाले. शेषरावांना बाजाराचा दिवस होता. व्याह्यांना चिखलीच्या गाडीत बसवून मागून येणाऱ्या नांदुऱ्याच्या गाडीनं ते जाणार होते. दोघं ओट्यावर बसले. अर्जुनरावांनी पुन्हा विषय काढला नाही. रात्रीतून त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा झाला होता, आणि हरलेला माणूस सभ्य असला की त्याच्याकडे बघवत नाही. भगवंतराव कडुलिंबाची काडी चघळत आले, दोघांकडे बघून एका कडेला टेकले. भाकरीची दोन गाठोडी घेऊन कोकिळाही आली आणि दुकानाच्या कोपऱ्याशी उभी राहिली. एक वडिलांच्या वाटेसाठी, एक रोजच्यासारखं सासऱ्यासाठी.

गाडीला उशीर होता.

"भगवंता," शेषराव एकदम म्हणाले, "सात लावू."

भगवंतरावांनी काडी तोंडातून काढली. सकाळच्या प्रहरी सात कधी कोणी लावले नव्हते. "आता, दादा?"

"आता." शेषरावांनी मांडीवर हात ठेवला. "लाभ, हिंमतराव, एक्कावन्नचा. दोन, तू, छप्पन्नचा. तीन, सुकदेव. चार, तोताराम, बावन्नचा. पाच अन् सहा, नथ्थू अन् त्याचा भाऊ, दोघं एका सालचे, चोपन्नचे."

"हाव," भगवंतराव म्हणाले. इथपर्यंत कधीच वाद नसे.

"सात. डावा कोपरा."

"मी हावोच," कारभारी आतून म्हणाला. सुईत दोरा ओवत होता, वरही बघितलं नाही.

"नाही," शेषराव म्हणाले. "इंद्रभान. एकसष्टचा."

दोरा सुईबाहेर राहिला. अर्जुनरावांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना ओट्याचे नियम कधी कोणी सांगितले नव्हते, पण दर खेपेला संध्याकाळी याच ओट्यासमोर उतरताना कानावर पडून ते शिकले होते. कोपऱ्याशी कोकिळा उभी होती तशीच उभी राहिली.

आता विचारायचं काम भगवंतरावांचं होतं. जन्मभर ज्यांनी प्रत्येक नावाला फाटे फोडले, त्यांनी आधी हातातली काडी फेकून दिली.

"काऊन, दादा?"

"एकसष्टची संकरात," शेषराव म्हणाले. "नांदुऱ्याच्या मैदानात. समोर जळगाव जामोदचा तो पहिलवान गडी, तुले आठोते. तुले त्यानं पहिल्याच चढाईत बाहेर बसोलं."

"आठोते."

"शेवटची चढाई त्याची. आपले दोघंच राह्यले होते. एकाले त्यानं लाथेनं उडोलं. यानं घोटा धरला. तो गडी रेघेकडे निंघाला, तसा हा पोटावर घसरत त्याच्या मागं. कोपराची सालपटं निंघाली, रगत दिसे. मी बाहेरून वरडलो, सोड बे, सोड, हात मोडंन तुहा. त्यानं सोडला नाही. रेघ इतकी राह्यली होती." त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर दाखवलं. "तिथं त्या गड्याचा दम तुटला."

"आपून जितलो," भगवंतराव म्हणाले.

"घरी त्याची माय हळद लावत होती. तं मले म्हन्ते कसा, बाबा, तुम्ही 'सोड' काऊन म्हनले? तुम्ही कप्तान होते ना?" शेषराव जरासे हसले. मग हसू तोंडावर राहिलं आणि त्यात काही उरलं नाही. "म्या काय सांगनार त्याले? त्या सालापरीस भारी वरीस त्याचं..."

रोज ते या जागी 'अजून याचं हाये', यायचं आहे, असं म्हणत.

"आलं नाही," शेषराव म्हणाले.

चिखलीची गाडी वळणावर दिसली. अर्जुनराव उठले, त्यांनी टोपी घातली आणि शेषरावांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोलायचं बरंच असावं, बोलले एवढंच, "दिवस पाहून येतो, इवाई."

"या. सकाळीच या. जेवून जासान."

कोकिळानं एक गाठोडं वडिलांना दिलं. गाडी गेल्यावर दुसरं तिनं ओट्यावर शेषरावांच्या बाजूला ठेवलं. रोज ठेवी तसंच, पण ती लगेच गेली नाही.

"मामाजी, बाजार आटोपला का घरी येसान? का ठेसनावर जासान?"

"घरी यीन," शेषराव म्हणाले.

तिनं मान हलवली आणि घराकडे निघाली. चालताना एकदा तिनं हातावर राहिलेली सकाळच्या भांड्यांची राख पदराला पुसली.

थोड्या वेळानं नांदुऱ्याची गाडी आली, उभी राहिली. कंडक्टर शेषरावांना ओळखत होता, त्यानं दोनदा घंटी दिली नाही, वाट बघितली. शेषराव उठले नाहीत. भगवंतरावांनीच हातानं जा म्हणून खुणावलं. धूळ खाली बसली.

मग कारभारीनं आतून विचारलं, "दादा, मंग मी कुठी खेळू?"

सहा वर्षांत पहिल्यांदा भगवंतरावांना त्यावर थट्टा सुचली नाही.

"तुहा खेळ झाला आता, कारभारी," शेषराव म्हणाले. "लय दिवस सांभाळलं तू. ये, बाहेर बस. माह्यापाशी."

कारभारीनं सुई कापडात टोचून ठेवली. गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली. तो ओट्यावर आला, भाकरीचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि शेषरावांच्या डाव्या बाजूला जाऊन बसला.