पाठीवरची खडूची फुली

मित्रांनो, डोंबिवलीच्या आमच्या नाट्यगृहात बाल्कनीत चढलात, की शेवटच्या रांगेत भिंतीकडेला एक लाल खुर्ची दिसेल. तिच्या पाठीवर खडूची पुसट खूण आहे. ती खुर्ची म्हणजे मी.

कोलशेतच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. लोखंडी पाय, लाकडी हात, वर लाल रेक्झिन. माणूस उठला की बैठक आपोआप मिटावी म्हणून खाली स्प्रिंग बसवली. टेम्पोतून इथे येताना वाटलं होतं, आपल्याला पुढच्या रांगेत बसवतील. बसवलं सगळ्यात मागे, जिथलं तिकीट सगळ्यात स्वस्त. आधी मी रुसले. मग कळलं, घरातल्या सगळ्यांना घेऊन येणारी माणसं इथेच बसतात. जिन्याखाली डबा खातात, पोरांची तोंडं पदराने पुसतात आणि वर येऊन पोटभर हसतात.

वर्षं गेली. रेक्झिन उसवलं, स्प्रिंग आखडली. मोठ्यांचं काही अडत नसे, पण हलकं मूल बसलं की मी मिटायचे. तक्रारी आल्या. यंदा मे महिन्यात एका सकाळी डोअरकीपर गुणाजीकाकांनी माझ्या पाठीवर फुली मारली. फुलीच्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार होत्या. त्या सकाळच्या बालनाट्याची तिकिटं मात्र आधीच विकलेली होती. माझा तो शेवटचा खेळ.

माझ्यावर बसायला आली प्राप्ती, पहिल्यांदाच नाटक बघणारी. तिची आई सगुणा कंपनीत पॅकिंगचं काम करते. तिलाही नाटक बघून किती वर्षं झाली होती, कोण जाणे. प्राप्ती बसली आणि मी मिटले. तिचे गुडघे थेट हनुवटीला!

"आई, खुर्चीने मला गिळलं!"

"हसतेस काय गं? थांब, मी धरते."

सगुणाने एका हाताने माझ्या बैठकीची पुढची कड दाबून धरली. पडदा उघडला. विसराळू शिकारी आणि हुशार वाघ यांचं नाटक होतं. प्राप्ती खिदळत होती. सगुणाचं लक्ष मात्र माझ्याकडे. हात अवघडला की ती बदलायची, तेवढ्यात स्टेजवर काहीतरी होऊन जायचं आणि सगळे हसायचे. मला फार वाईट वाटत होतं.

मध्यंतरात गुणाजीकाका हळूच म्हणाले, "ताई, खाली पुढे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. जा घेऊन हिला. मी काही बघितलेलं नाही."

दोघी गेल्या. संपलं आपलं, म्हणून मी मिटून बसले. पडदा उघडला आणि थोड्याच वेळात जिन्यावर धपधप पावलं वाजली.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"काका, खालून वाघ कुठे लपलाय तेच दिसत नाही! झाड मध्ये येतं. इथून सगळं दिसतं."

"ऐकतच नाही हो," सगुणा धापा टाकत म्हणाली. "एवढी पुढची जागा सोडली बाईसाहेबांनी!"

तिने पुन्हा मला धरलं. पुठ्ठ्याच्या झाडामागे वाघ दबा धरून बसला होता. शिकारी भलतीकडेच बघत होता. प्राप्तीला राहवेना. ती सरकत सरकत अगदी माझ्या कडेवर आली.

"ओ शिकारीकाका! मागे! झाडामागे!"

शिकारी थबकला. कपाळावर हात धरून त्याने वर पाहिलं. "कोण ओरडलं रे?"

"मी! पण माझ्याकडे नका ना बघू, मागे बघा!"

सगळं नाट्यगृह हसलं. सगुणा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि टाळ्या वाजवू लागली. दोन्ही हातांनी! मला कोणीच धरलं नव्हतं, तरी मी मिटले नव्हते. प्राप्ती कडेवर बसली होती, तेवढा भार मला पुरला. शेवटपर्यंत सगुणाने हात मांडीवर ठेवून नाटक पाहिलं.

गुणाजीकाका दारातून बघत होते. खेळ सुटल्यावर त्यांनी फडक्याने माझी फुली पुसली. "हिला भंगारात कसलं टाकतोस?" फुलीची पुसट खूण बघून दुसऱ्या दिवशी मला काढायला आलेल्या सुतारावर ते खेकसले. "स्प्रिंग सैल कर आणि चार टाके घाल."

मित्रांनो, उठताना मला धाडकन सोडू नका, हाताने मिटा. उसवलेल्या जागी बोट घालू नका. आणि मागचं तिकीट मिळालं म्हणून हिरमुसू नका. पुढे सरकून कडेवर बसा. वाघ कुठे लपलाय, ते आपल्याला आधी दिसतं.