बॅटरीवरची पांढरी चिंधी

वडिलांची होडी विकायची होती आणि नेमकी तीच सुरू होत नव्हती. वडील गेल्यापासून आईला माझं पाण्यावर जाणं नको झालं होतं; मला होडीचं जाणं नको होतं. इंजिनाने माझी बाजू घेतली होती.

गिऱ्हाईक, सागिंदिक आगा, अराल समुद्राच्या काठी वाळूत गमबूट चढवून उभे. मागे एक उंट. सल्ला न देणारा तेवढाच.

बटण दाबलं की 'टक्'. पुढे काही नाही.

"फ्यूज गेलाय," आगा म्हणाले.

फ्यूज ठणठणीत होता. निसटली की इंजिन बंद पाडणारी सुरक्षेची लाल दोरीही जागेवर. बॅटरी नवी, कालच आईने वडिलांच्या पान्याने स्वतः बसवलेली.

"मग हिला झालंय काय?"

"आगा, हिला तुमचं स्थळ पसंत नाही."

"तोंड आवर. लग्नाला आलोय का मी?"

आगांना बटण दाबून धरायला लावलं आणि मीटर घेतला. बॅटरीच्या खुंटावर बारा व्होल्ट. त्याच खुंटावर आवळलेल्या तारेच्या पकडीवर चार. मधल्या केसभर जागेत आठ व्होल्ट गडप.

पकड सैल केली. आत पांढरी चिंधी, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत बुडवून खुंटाला गुंडाळलेली. नव्या वस्तूला, लांब निघालेल्याला आई आशीर्वाद म्हणून ती बांधतेच. माझ्या मोटरसायकललाही बांधली होती, पण हँडलला.

मी पकड होती तशी टेकवली. गप्प बसलो की होडी आमचीच.

एवढ्यात आई शेजारी येऊन उभी राहिली. "तुझ्या पाळण्याला बांधलं, बाळा, वडिलांच्या जाळ्याला बांधलं. कधी काही अडलं नाही. माझ्याच हातात आता काही उरलं नाही वाटतं."

ती स्वतःचे हात बघत होती. नखांत अजून चरबी होती.

मी चिंधी काढली, खुंट घासला, पकड आवळली. मग चांगला फ्यूज उपसून खिशात टाकला आणि दुसरा बसवला.

"फ्यूजच होता, आगा."

"मघापासून काय सांगतोय मी!"

बटण पहिल्यांदा दाबताच इंजिन सुरू झालं. चिंधी मी सुकाणूच्या दांड्याला बांधली.

"तिथून का काढलीस?" आईने विचारलं.

"आत कुणाला दिसणार? इथे वारा लागेल."

तिला ते पटलं. आगा होडी घेऊन गेले. बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून उंटही गेला. मी खिशात हात घालून उभा राहिलो. वडिलांनी बसवलेला फ्यूज अजून ठणठणीत होता.