दारातून न मावलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे, आणि ज्या खोलीत माझा जन्म झाला तिच्यातून आजवर एकदाही बाहेर पडलेलो नाही. ही खोली व्यावसायिक नर्तकांच्या कल्याण संघाची होती. दुखावलेल्या माणसाला पाय लांब करून पडता यावे, म्हणून सुतारकाकांनी मला ऐसपैस बनवले. जोडणीही इथेच केली. मी दारापेक्षा रुंद झालो, हे कोणाच्या लक्षातच आले नाही.

संघाचे काम माई पाहत. एकेकाळी त्या स्वतः नाचत. कंबर गेली आणि रंगमंच सुटला. कोणाला डॉक्टरकडे ने, कोणाच्या मालकाशी भांड, वय झालेल्यांना दुसरे काम शोधून दे, असा त्यांचा दिवस जाई. माझ्यावर बसून कितीतरी जणांनी सुजलेले घोटे शेकले. "या बाकावर पडलं की जिवात जीव येतो," असे कोणी म्हणाले, की माझ्या लाकडी अंगावरही मूठभर मांस चढे.

एका संध्याकाळी दोन बहिणी आल्या. दोघी परदेशातून आलेल्या एका पथकात नाचत. धाकटीचा गुडघा टम्म फुगला होता. थोरली रडकुंडीला आली होती.

"माई, हिला पाय टेकवत नाही. आणि मॅनेजर म्हणतो, आज नाचायचंच."

"मग सोडा ना ते पथक!"

"सोडून जाणार कुठे? आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात आहेत."

धाकटी माझी कड घट्ट धरून बसली होती. उठून दार अडवावे असे मला वाटले. पण चार पाय असून मी जागचा हलू शकत नव्हतो. तेवढ्यात मॅनेजर आलाच.

"पट्टी बांधा आणि चला. सूज काय, सगळ्यांनाच येते."

"डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ती उठणार नाही," माई म्हणाल्या.

"मग बसा इथेच. घरी कशा जाता तेच बघतो!"

माईंनी शांतपणे फोन उचलला आणि पथकातल्या इतरांना हकिगत सांगितली. थोड्याच वेळात तोंडाला रंग लावलेले नर्तक खोलीत शिरले. काही माझ्यावर दाटीवाटीने बसले, उरलेल्यांनी जमिनीवर बसकण मारली.

"आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट आणा," त्यांच्यातली वयाने मोठी बाई म्हणाली. "तोवर आम्हीही इथेच."

मॅनेजर आधी ओरडला, मग विनवण्या करू लागला. तिकडे थिएटर भरत चालले होते. शेवटी तो मुकाट्याने गेला आणि पासपोर्ट घेऊन आला.

बहिणी दवाखान्यात गेल्या. गुडघा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. थोरली घरी परतली. धाकटी माईंच्या हाताखाली संघाचे काम करू लागली.

पुढे संघाला मोठी जागा मिळाली. हमालांनी मला आडवे केले, उभे केले, तिरके केले. मी दारातच अडकलो.

"पाय कापू का याचे?" एकाने विचारले.

"पाय कापायचे नाहीत!" धाकटी ओरडली.  मग हमालांनी मला परत आत ढकलून दाराला कुलूप लावले.

बाहेर पावले वाजली की मी कान टवकारतो. ती पुढे निघून जातात. खरे सांगू? कधीकधी वाटते, पाय गेले असते तरी चालले असते.

मित्रांनो, नाचणाऱ्यांना टाळ्या जरूर द्या. पण पडदा पडल्यावर त्यांच्यातले कोणी लंगडताना दिसले, तर आधी सरकून जागा द्या. काय झाले, ते मग विचारा.