आभाराची पिशवी

फेब्रुवारीतले ऊन गिरगावात उतरायला वेळ घेते. प्रथम ते समोरच्या चाळीच्या कौलांवर थबकते, मग गॅलरीतल्या ओल्या लुगड्यांतून पाझरते आणि पाणी घातलेल्या दुधासारखे फिके होऊन गल्लीत पोहोचते. आमच्या चर्चच्या भिंतीवर ते टेकले तेव्हा साडेआठ वाजत होते. भिंतीला नुकताच चुना फासला होता. तरी त्याखालची 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही डांबरी अक्षरे उन्हात हळूहळू वर येत होती. गोळीबाराला महिना उलटला नव्हता. शेजारच्या चाळीतला एक तरुण कंपोझिटर त्यात गेला होता. त्यावर आमच्या मंडळीने काय केले, तर चुना फासला.

देवावरचा विश्वास उडाल्यापासून सहा वर्षांत मी येथे पाऊल ठेवले नव्हते. आज आलो तो आईसाठी. ती तीन महिने अंथरुणाला खिळून होती आणि तिची एकच इच्छा होती : आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा तिचे नाव वाचले जावे.

दाराशी दोन कापडी पिशव्या टांगलेल्या होत्या. एक आजाऱ्यांची, दुसरी बरे झालेल्यांच्या आभाराची. चिठ्ठीवर नाव आणि वस्ती एवढेच लिहायचे. लहानपणच्या सवयीने मी आईची चिठ्ठी डावीकडच्या पिशवीत टाकली.

"काय रे योनाथान, लाल बावट्याला आज सुट्टी का?" बाकावर सरकत शमुवेल मास्तर म्हणाले. दहा आज्ञा त्यांनी मला छडीने पाठ करविल्या होत्या.

"आईनं धाडलं, मास्तर."

"धाडावंच लागतं तुम्हाला!"

त्यांच्या श्वासाला तपकिरीचा आंबूस वास होता. मी मान वळवली.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "हे प्रभू, राज्यकर्ते तूच नेमले आहेस. बहकलेल्या तरुणांना आज्ञाधारक कर." साऱ्यांनी घोट गिळावा तसे 'आमेन' म्हटले. मी डोळे उघडेच ठेवले.

मग नावे वाचली जाऊ लागली. "ज्यांना प्रभूने आजारातून उठवले त्यांच्यासाठी आभार मानू. रूथबाई साळवे, नायगाव."

आईचे नाव! मी दचकून मागे पाहिले. डाव्या पिशवीवर पुठ्ठ्याची पाटी होती : आभार. जागा कधीतरी बदलल्या होत्या आणि मी पाटी वाचली नव्हती.

"काही चुकले, कोणी राहिले असेल तर सांगावे," पाळकसाहेब रिवाजाप्रमाणे म्हणाले आणि थांबले.

मी उठलो नाही.

"लबाडा, बोलला नाहीस!" मास्तरांनी माझा खांदा दाबला. "उद्या येतो बाईंना बघायला. पेढे आणून ठेव."

"या ना," मी म्हणालो. "आता बरी आहे ती."

ज्या जिभेने हे म्हटले तिची मला शिसारी आली. तपकिरीचा तो वास, तो चुना, ती प्रार्थना यांतले काहीच तिच्याइतके ओंगळ नव्हते. कारण ते आभार ऐकताना मला क्षणभर फार गोड वाटले होते.

घरी आई उशीला टेकून वाट पाहत होती.

"वाचलं नाव?"

"वाचलं."

"मोठ्यानं ना? सगळ्यांना ऐकू गेलं?"

"सगळ्यांना."

"मग तोंड असं का रे तुझं?"

मी पाण्याचा पेला भरायला वळलो. शुक्रवारी डॉक्टरांनी मला जिन्यात थांबवून स्पष्ट शब्दांत सांगितले होते. आई बरी होणार नव्हती.