दुसऱ्या भागातला आवाज

"पुढचं मत वाचते," मी फोनवर बोट सरकवत म्हणाले. "हा लिहितोय, 'पहिला भाग डोक्यावर घ्यावा असा होता. दुसरा काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यात त्या यंत्राचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी.'"

बाबांनी वहीत फुली मारली आणि पेन्सिलीनेच मला खुणावलं, पुढे वाच.

"ही कोणी बाई आहे. 'तीस वर्षं एकटं राहिलेलं यंत्र असंच बोलणार. तो आवाज ऐकून मला रात्रभर झोप नाही आली.'"

बाबांनी बरोबरची खूण केली. वहीत दोन रकाने होते. खुणा एकसष्ट, फुल्या अठ्ठावन्न. खूण करताना ते हरखायचे नाहीत की फुली मारताना त्यांचा चेहरा उतरायचा नाही. परीक्षेचे पेपर तपासावेत तसं चाललं होतं.

स्वयंपाकघरात आईने पातेलं जरा जास्तच जोरात आपटलं. तो आवाज आमच्यासाठी होता.

बाबा बसच्या आगारात घोषणा करायचे. अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. आवाज असा की कँटीनमध्ये चहा पिणारा माणूस कप तसाच टाकून पळत सुटायचा. आगारात त्यांना सगळे 'भोंगा' म्हणायचे. एके दिवशी परगावी निघालेला एक डबिंगवाला फलाटावर थांबला, घोषणा ऐकली आणि आपली गाडी सोडून थेट बाबांच्या केबिनमध्ये आला. परदेशातला एक चित्रपट आपल्या भाषेत आणायचा होता. दूरच्या एका बर्फाळ चंद्रावरचं ठाणं, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या यानांची घोषणा करणारं एक यंत्र. "तुम्हाला वेगळं काही करायचंच नाही," डबिंगवाला म्हणाला. "गाडीच्या जागी यान म्हणा, बस्स."

चित्रपट तुफान चालला. शाळेत पोरं बाबांच्या आवाजात बोलायची आणि मी नाक वर करून फिरायची. आईसुद्धा तीनदा बघून आली.

तीन वर्षांनी दुसरा भाग आला. तोवर बाबांचा घसा बसायला लागला होता. आई म्हणाली दवाखान्यात चला. तिने नंबर लावला. बाबा म्हणाले चार दिवसांचं डबिंग आहे, ते आटपू दे. चार दिवसांचे आठ झाले, मग काही प्रसंग पुन्हा करायचे ठरले, मग डबिंगवाल्याला शेवट पुन्हा हवा झाला. आईने तीनदा नंबर लावला आणि तीनदा बाबांनी तो चुकवला. शेवटी गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी तपासलं, मग घशात बघायचा आरसा बाजूला ठेवला आणि विचारलं, "किती दिवस झाले?" स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक पडलं, त्यातून श्वास सुरू राहिला, बोलणं तेवढं गेलं.

"दीड महिना आधी आला असतात तर कदाचित वाचवता आलं असतं," असं डॉक्टर म्हणाले. त्यातला 'कदाचित' आईने ऐकलाच नाही. दीड महिना मात्र तिने चोवीस वर्षं जपून ठेवला. दुसरा भाग तिने पाहिला नाही. टीव्हीवर लागला तर ती टीव्ही बंद करायची आणि बाबा मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

दवाखान्यात असतानाच बाबांनी वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं वाचली होती. एकाने लिहिलं होतं, 'पहिल्या भागातल्या आवाजाला काय झालं? सर्दी झालेला माणूस कशाला उभा केला?' बाबांनी पाटी मागून घेतली आणि त्यावर लिहिलं, 'सर्दी नव्हती.' पाटी नर्सला दाखवली, डॉक्टरांना दाखवली, मला दाखवली. ते पत्र लिहिणाऱ्याला काही दाखवता येत नव्हतं.

आगाराने त्यांना हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एका पायाचा बूट यांना चिठ्ठ्या लावत त्यांनी नोकरी पुरी केली. घशाला टेकवून बोलायचं एक बॅटरीचं उपकरण मिळालं होतं. त्यातून निघालेला आवाज त्यांनी एकदाच ऐकला आणि उपकरण कपाटात ठेवून दिलं. 'हा मी नाही,' असं लिहिलं.

आता दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही. मी रजा टाकून माहेरी आले. नेमका त्याच महिन्यात तो दुसरा भाग नव्याने साफसूफ करून थिएटरात लागला आणि लोक फोनवर आपापली मतं लिहायला लागले. पहिल्या दिवशी बाबांनी वहीत लिहिलं, 'सगळी वाच. गाळू नकोस.' चोवीस वर्षं त्यांना एकच गोष्ट कळून घ्यायची होती. ज्याच्यासाठी घसा गेला, ते निदान नीट झालं होतं का?

त्या दुपारी मतं संपली. बाबांनी रकाने बंद केले, थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'एक राहिलं.' वही स्वयंपाकघराच्या दिशेने धरली.

आई हात पुसत दारात आली. वाचलं.

"माझं मत माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई बाहेर जायचे कपडे घालून, पर्स घेऊन खुर्चीत बसलेली.

"किती वाजताचा खेळ आहे गं?"

"आई, तू येणारेस?"

"विचारलं तेवढं सांग. शेजारच्या काकूंना बसवलंय मी ह्यांच्यापाशी दुपारपर्यंत."

बाबा जागे होते. त्यांनी पेन्सिल उचलली नाही. आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत फक्त बघत राहिले.

थिएटरात आम्ही धरून अकरा माणसं होती. आई ताठ बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पडद्यावर तेच ठाणं, पण आता ओस पडलेलं. तीस वर्षांत एकही यान आलेलं नाही. तरी यंत्र रोज घोषणा करतंय. धक्का क्रमांक चार मोकळा आहे. धक्का क्रमांक पाच मोकळा आहे. आवाज खरखरीत, मध्येच हवा गेल्यासारखा. त्या डबिंगच्या वेळी मी चौदा वर्षांची होते. आवाज जाण्याआधीच्या शेवटच्या दिवसांत बाबा मला याच आवाजात अभ्यासाला बसवायचे. मला खाली बघावंसं वाटलं.

पंधरा-वीस मिनिटांनी आई माझ्याकडे झुकली.

"ह्यांचं काम कधी येणारे गं?"

मला आधी वाटलं ती टोमणा मारतेय. मग अंधारातही तिचा चेहरा दिसला.

"आई," मी म्हणाले, "हेच तर बाबा. मघापासून बोलतायत ते."

ती पुन्हा ताठ झाली. पुढचा दीड तास तिने पडद्यावरून नजर काढली नाही, पण ती बघत नव्हती, ऐकत होती. यंत्र बोलायचं थांबलं की तीही श्वास धरायची. शेवटी एक यान येतं, आणि यंत्राला इतक्या वर्षांनी खरोखरची घोषणा करायची असते. तिथे बाबांचा आवाज फाटतो. डबिंगवाल्याने तो तसाच ठेवला होता.

बाहेर पडताना दोन कॉलेजची मुलं आमच्यापुढे जिना उतरत होती.

"पहिला भाग भारी होता," एक म्हणाला. "यात त्या आवाजाने किती बोअर केलंय यार. कुठला म्हातारा पकडून आणला कुणास ठाऊक."

"पंचेचाळीस वर्षांचे होते ते," आई म्हणाली.

मुलांनी वळून पाहिलं. "काय म्हणालात, आजी?"

"पंचेचाळीस. म्हातारे नव्हते." आणि ती त्यांच्या मधून वाट काढत खाली गेली.

परतीच्या बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. तिकीट काढून झाल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, ह्यांचा आवाज माझ्या कानात आहे. भांडायचे कसे, हाक कशी मारायचे, सगळं आहे. मी म्हटलं, येईलच आता, आला की कळेल. समोर बोलत होते आणि मी वाट बघत बसले."

"चोवीस वर्षं झाली, आई."

"घरातल्या घरात विसरले गं मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे त्यांना सांगायचं नाही."

घरी आलो तेव्हा काकू पेंगत होत्या आणि बाबा उशीला टेकून बसले होते. कोणी तरी त्यांचे केस विंचरले होते. काकू गेल्या. बाबांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि मधोमध एक प्रश्नचिन्ह काढलं.

आई खुर्ची ओढून जवळ बसली.

"पहिल्याच शब्दाला ओळखलं," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"चांगला आहे चित्रपट. पहिल्यापेक्षा चांगला. तुम्ही चांगलं काम केलंय. शेवटाला तर..." तिने चादरीची सुरकुती सरळ केली. "पण तुम्ही आधी दवाखान्यात जायला हवं होतं."

चोवीस वर्षांत हे वाक्य त्या घरात शेकडो वेळा बोललं गेलं होतं आणि प्रत्येक वेळी बाबांनी पाटी भरून उत्तर दिलं होतं. डॉक्टर 'कदाचित' म्हणाले होते, शब्द दिला होता, काम अर्धं टाकून कसं यायचं. त्या दिवशी त्यांनी दोनच अक्षरं लिहिली.

'हो रे.'

मग 'रे' खोडलं, त्यावर 'गं' लिहिलं. आई हसली आणि बाबांचेही खांदे हलले. त्यांच्या हसण्यात नुसती हवा असायची.

मला वाटलं, झालं. मी चहा टाकायला उठले. पण आई तशीच बसून राहिली.

"काय असतं," तिने सुरुवात केली, "ते ठाणं असतं ना, ते आता ओस पडलेलं असतं. कोणी म्हणजे कोणी येत नाही तिथे."

जसं काही बाबांनी तो चित्रपट पाहिलाच नव्हता. तिने एका माणसाचं नाव दुसऱ्याला लावलं, बाबांनी बोट हलवून चूक दाखवली, तिने "तेच ते" म्हणून पुढे रेटलं. धक्के किती होते त्यावर थोडा वाद झाला. यान येण्याच्या जरा आधीच बाबांचा डोळा लागला. वही छातीवर उघडी, पेन्सिल बोटांत तशीच.

मी दारातून आईला खूण केली की ते झोपले. तिने मान हलवली. मग आवाज थोडा खाली आणला आणि उरलेली गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.